धागा कॉम्प्युटरवर कसा शिकवायचा: टेक्स्टाइल लॅबमध्ये नवीन रुजू झालेल्यांसाठी

टेक्स्टाइलच्या पोरांना यार्नचं प्रॅक्टिकल घ्यायचंय आणि लॅबमधली छोटी रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातायचं मशीन, एकतर नाहीच, किंवा आहे पण बंद पडून तिच्यावर प्लास्टिक घातलंय, अशी अवस्था मुंबईत नव्याने शिकवायला लागलेल्या बऱ्याच जणांची असते. लालबाग-परळच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करत गेल्या, त्यामुळे चला रे दुपारी साचे, म्हणजे गिरणीतली मशीनं, बघून येऊ असंही आता करता येत नाही. मग कोणीतरी सुचवतं की सॉफ्टवेअरवर घ्या ना, सगळं स्क्रीनवर दिसतं. दिसतं की. पोरं मस्त जाडजूड दोरखंड काढतात, रंग भरतात, चकाचक रेंडर मारतात, आणि व्हायव्हाला विचारलं की बाबा हे किती काउंटचं सूत, तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. काउंट म्हणजे सूत किती बारीक त्याचा आकडा, आकडा जेवढा मोठा तेवढं सूत बारीक.

म्हणून या लेखात मी एकच हट्ट धरणारे. स्क्रीनवर जाणाऱ्या धाग्याचा प्रत्येक आकडा आधी हातातल्या धाग्यावर मोजलेला, नाहीतर त्या मोजमापावरून काढलेला हवा. बाकी कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं व्हर्जन, ते नंतर.

तरी पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचाच येतो तर ते उरकून टाकू. इंडस्ट्रीत नेडग्राफिक्स, पेनेलोपी, स्कॉटवीव्ह, स्लोव्हेनियातलं अराहवीव्ह असली नावं ऐकू येतात, निटिंगवाल्यांकडे शिमा सेइकीचं एपेक्सफिझ. ही मुळात कापड डिझाइन करायची सॉफ्टवेअर्स आहेत, धागा बनवायची खिडकी त्यांच्यात एका कोपऱ्यात असते. लायसन्स महाग, त्यामुळे कॉलेजात असलं तरी दोन-तीन मशीनवर, आणि बॅच असते पंचवीस-तीस पोरांची. आपल्याकडे सरकारी डिजिबुनाई आहे, फुकट आहे, पण ते हातमागाच्या विणीसाठी, डॉबी-जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्रणांसाठी केलेलं. नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीचं टेक्सजेनही फुकट, पण ते कापडाच्या आतली भूमिती अभ्यासायला, नवशिक्यांच्या हातात पहिल्याच दिवशी देऊ नका. सुरुवातीला तीन गोष्टी पुरतात: एक्सेल किंवा लिब्रेऑफिस, रेषांची चित्रं काढायला इंकस्केप, आणि थ्रीडी मॉडेल करायला ब्लेंडर. इंकस्केप आणि ब्लेंडर दोन्ही फुकट, पोरं घरच्या लॅपटॉपवरही टाकतात.

आधी सूत गोळा करा

पाच नमुने बस झाले. २० चं एकपदरी कॉटन, २/४० चं दोनपदरी, म्हणजे ४० च्या सुताचे दोन पदर एकत्र पिळलेलं, एक स्लबवालं, म्हणजे मधूनमधून जाड होणारं, शिवणाची रिळ, आणि विणकामाच्या लोकरीतली एखादी बुकले, म्हणजे ती वेटोळ्या-वेटोळ्यांची असते ती. लोकर दादरला मिळते. सुताचे कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची रिळं, भिवंडीत कोणाच्या ओळखीने आणा, लूमवाल्यांकडे कोनाच्या तळाला उरलेलं सूत पडून असतं, दोन-चार कोन मागितले तर सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त कोनाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला काउंटचा कागद फाडू नका. तो कागद तुमच्याकडे ठेवा. पोरांना दाखवायचा नाही, त्यांनी मोजून काढलेलं उत्तर नंतर त्याच्याशी ताडून बघायचं.

मग मोजा, आणि पावसाळ्यात जरा जपून

काउंट काढायला रॅप रील, म्हणजे सूत मोजून गुंडाळायचं चाक, असेल तर उत्तम. १२० यार्डांची लडी, म्हणजे ली, काढायची, ग्रॅममध्ये वजन करायचं, ६४.८ ला त्या वजनाने भागायचं, झाला इंग्लिश काउंट. रील नसेल तर एका फळीवर अर्ध्या मीटर अंतरावर दोन खिळे ठोका, एक पूर्ण वेढा म्हणजे एक मीटर, असे शंभर वेढे घ्या, फक्त ताण सारखा ठेवायचा आणि वेढे एकावर एक न चढवता शेजारी-शेजारी बसवायचे. शंभर मीटरचं वजन ग्रॅममध्ये आलं की त्याला दहाने गुणा, ते झालं टेक्स, म्हणजे एक किलोमीटरचं वजन. ५९०.५ ला टेक्सने भागलं की काउंट. २० च्या सुताचे शंभर मीटर २.९५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवेत. छोटा डिजिटल काटा, शतांश ग्रॅम दाखवणारा, तेवढा पुरतो.

जुलैमध्ये हेच सूत जड भरतं. कापूस हवेतलं पाणी ओढून घेतो आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओढायला भरपूर असतं, त्यामुळे २० चं सूत १९ दाखवतं आणि पोरांना वाटतं काटा बिघडला. टेस्टिंगसाठी आपल्याकडे २७ डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रता धरतात. तेवढी सोय नसली तरी सूत आदल्या दिवशीपासून एसी लॅबमध्ये उघडं ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, आणि सगळ्या बॅचचं वजन एकाच दिवशी घ्या.

२/४० वर पोरं हमखास अडकतात. वजन २० चं येतं आणि कागदावर ४० लिहिलेलं असतं. इथे घाई करू नका, त्यांना पदर सुटे करू द्या. दहा सेंटिमीटरचा तुकडा एका टोकाला टेपने टेबलावर चिकटवायचा, दुसरं टोक चिमटीत धरून पिळाच्या उलट फिरवायचं, मधून सुई सरळ आरपार गेली की थांबायचं आणि किती फेरे झाले ते मोजायचं. फेरे भागिले चार म्हणजे जवळपास इंचाला पडणारा पीळ, टीपीआय. एकपदरीला हे हाताने नीट जमत नाही, त्याला ट्विस्ट टेस्टरच लागतो. तो नसेल तर पिळाचा आकडा पुढच्या हिशोबातून घ्या.

पिळाची दिशा

धागा उभा धरा. तिरक्या रेषा इंग्रजी झेडच्या मधल्या दांड्यासारख्या असतील तर झेड पीळ, एसच्या पोटासारख्या असतील तर एस. एकपदरी कॉटन बहुतेक वेळा झेड असतं आणि दोनपदरी करताना एस घालतात. धागा उलटा केला, खालचं टोक वर घेतलं, तरी दिशा बदलत नाही, हे वर्गात करून दाखवाच कारण निम्म्या पोरांचा विश्वास बसत नाही.

पण फोटो आरशासारखा फिरवला तर बदलते! सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याच मोबाइलवर उलटा सेव्ह होतो आणि झेडचा एस होऊन बसतो. एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, माझ्या कापडात एका पट्ट्यातला धागा वेगळाच चमकतोय." बघतो तर जोड नीट बसावा म्हणून तिने धाग्याची इमेज आडवी फ्लिप केली होती, निम्मे धागे झेड, निम्मे एस. गंमत म्हणजे गिरणीत हे मुद्दाम करतात, ताण्यात, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांत, एस आणि झेडचे पट्टे आळीपाळीने लावले की एकाच रंगात छायेचे पट्टे पडतात. तिच्या चुकलेल्या फाइलवरच पुढचा अर्धा तास गेला आणि चांगला गेला.

एक्सेल शीट, इथे घाई नको

प्रत्येक नमुन्याला एक ओळ. रकाने: काउंट, टेक्स, पदर, दिशा, पीळ, व्यास. व्यासाला साधं सूत्र आहे, कॉटनच्या रिंग यार्नला चालतं: काउंटचं वर्गमूळ गुणिले २८, आणि १ ला त्याने भागायचं, उत्तर इंचात. २० ला येतो इंचाचा सव्वाशेवा भाग, म्हणजे ०.२ मिलिमीटर. ४० ला ०.१४. पिळाला सूत्र: काउंटचं वर्गमूळ गुणिले ट्विस्ट मल्टिप्लायर, म्हणजे पीळ किती घट्ट त्याचा आकडा. ताण्याच्या सुताला ४ किंवा थोडा वर, होजिअरीला साडेतीनच्या आसपास. २० ला ४ ने धरलं तर इंचाला साधारण १८ फेरे.

आता दोन्ही सूत्रं समोरासमोर ठेवा. एक फेरा पूर्ण व्हायला धाग्याची किती लांबी लागते, आणि ती लांबी व्यासाच्या किती पट? वर्गमुळं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं २८ भागिले मल्टिप्लायर. मल्टिप्लायर ४ असेल तर ७. म्हणजे २० चं सूत असो की ८० चं, एक फेरा सात व्यासांत पुरा होतो आणि पिळाचा तिरकेपणा २४ अंशांच्या आसपासच राहतो. होजिअरीला साडेतीन धरा, आठ व्यास, कोन २१ अंश. ट्विस्ट मल्टिप्लायर ही काय भानगड आहे ते पोरांना पुस्तकातून कळत नाही, ते या सातच्या आकड्यावरून कळतं. आणि पुढे स्क्रीनवर धागा काढताना हाच आकडा लागणार आहे, म्हणून फळ्यावर मोठा लिहून ठेवा.

अजून एक हिशोब त्यांच्याकडून करून घ्या. साध्या मॉनिटरचा एक पिक्सेल ९६ डीपीआयला, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल असताना, ०.२६ मिलिमीटर असतो. म्हणजे २० चं सूत खऱ्या मापात दाखवलं तर ते एका पिक्सेलपेक्षाही बारीक! स्क्रीनवर आपण जे बघतो ते कायम कितीतरी पट मोठं केलेलं असतं. म्हणून प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात एक मिलिमीटरची रेघ सक्तीची. स्कॅन करायचं असेल तर २४०० डीपीआय ठेवा, तेव्हा कुठे २० चा धागा १९ पिक्सेल रुंद येतो आणि पीळ ओळखू येतो. ३०० ला केलेलं स्कॅन दोन-अडीच पिक्सेलची काळी रेघ असते, ते परत करायला लावा.

इंकस्केप

जुन्या पीसीवर सुरुवात इथून, कारण ब्लेंडर उघडलं की ते पीसी रडतात. रुंदी १ आणि लांबी ७ अशा चौकटीत पिळाच्या तिरक्या पट्ट्या काढायच्या, वरची कड आणि खालची कड जुळली पाहिजे. मग पेन टूलने धाग्याची वाट काढा, आणि पाथ इफेक्टमध्ये पॅटर्न अलाँग पाथ लावून रिपीटेड निवडा, आणि चौकट उभी आहे म्हणून पॅटर्न इज व्हर्टिकल चालू करा. धागा वाटेवर पसरतो. पोरं इथे स्ट्रेच्डवाला पर्याय निवडतात आणि पीळ ताणला जाऊन कोन बदलतो, तेव्हा इंकस्केपमध्येच तिरकी रेघ टाकून कोन मोजायला सांगा. २४ च्या जागी १५ आला की त्यांचं त्यांना कळतं.

ब्लेंडर

इथे खरी मजा, फक्त एकेक स्टेप सगळ्यांची झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नवीन सीनमध्ये सिलिंडर घ्या, डाव्या कोपऱ्यातल्या पॅनेलमध्ये व्हर्टायसेस ८, रेडियस ०.१२, डेप्थ ७, आणि कॅप फिल नथिंग. ही एक तंतूंची नळी. टॅब दाबून एडिट मोडमध्ये जा, कंट्रोल आर दाबून लूप कट घ्या आणि ४८ टाइप करा, एवढे काप नसतील तर पीळ घातल्यावर नळी कोनाकोनाची दिसते. एडिट मोडमध्येच सगळं सिलेक्ट करून एक्सच्या दिशेने ०.३८ सरकवा. ऑब्जेक्ट मोडमध्ये सरकवलं तर मधला बिंदूही सरकतो आणि मग पुढचं सगळं फसतं. आता पिव्हट थ्रीडी कर्सरवर ठेवा, शिफ्ट डी, राइट क्लिक, मग आर, झेड, ४०. दुसरी नळी आली. असं करत नऊ नळ्यांचं कडं पूर्ण करा. बाहेरचा व्यास झाला १, लांबी ७. आकडे ओळखीचे वाटतायत ना?

मॉडिफायर तीन, आणि याच क्रमाने. पहिला सिंपल डिफॉर्म, त्यात ट्विस्ट, ॲक्सिस झेड, अँगल ३६०. दिशा डोळ्याने बघा, उलटी आली तर अँगल मायनस करा. दुसरा ॲरे, रिलेटिव्ह ऑफसेटमध्ये एक्स शून्य आणि झेड १, मर्ज चालू, काउंट २०. इथला काउंट म्हणजे कॉपी किती, सुताचा काउंट नाही, हे सांगावं लागतं, हसू नका. तिसरा कर्व्ह, वाट म्हणून काढलेला कर्व्ह निवडा आणि डिफॉर्म ॲक्सिस झेड करा. बरोबर ३६० का, तर एक पूर्ण फेरा झाला की तुकड्याचा शेवट पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला चपखल बसतो. ३०० टाकलं तर प्रत्येक जोडावर नळ्या तुटलेल्या दिसतात.

लव दाखवायची असेल तर पार्टिकल सिस्टिममधून आखूड हेअर द्या, पण थोडेच. खऱ्या २० च्या सुताच्या एका छेदात, ४ मायक्रोनेअरचा कापूस धरला तर (मायक्रोनेअर म्हणजे कापसाचा तंतू किती बारीक त्याचं माप), १९० च्या आसपास तंतू असतात. ते सगळे दाखवायच्या नादाला लागाल तर लॅबमधला एकही पीसी टिकणार नाही. मेलांजसाठी, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे तंतू मिसळलेल्या सुतासाठी, मात्र नऊ नळ्या कमी पडतात, बारीक बारीक चाळीस करा, त्यातल्या सहा काळ्या आणि चौतीस पांढऱ्या, हा झाला १५ टक्के काळा, टीशर्टवाला ग्रे. करड्या रंगाचा एकच डबा ओतून मेलांज म्हणणाऱ्याला मार्क देऊ नका, मेलांजमध्ये रंग तंतूंचे असतात आणि करडा आपल्या डोळ्यात तयार होतो.

दोनपदरी करायला दोन जाड नळ्या शेजारी, आणि पीळ एस. बुकलेला तीन धागे लागतात: मधला सरळ गाभा, त्याच्यावर सैल जास्त लांबीचा इफेक्ट धागा, आणि दोघांना उलट्या पिळाने बांधणारा बारीक बाइंडर. ब्लेंडरमध्ये करायच्या आधी दादरची ती लोकर उसवून तिन्ही धाग्यांची लांबी मोजायला लावा. दहा सेंटिमीटर गाभ्याला इफेक्ट धागा किती निघतो, त्यावरून वेटोळी किती मोठी काढायची ते ठरतं.

स्लब

यातच सॉफ्टवेअर खरं कामाला येतं. स्लबच्या तीन गोष्टी: लांबी, जाडी, आणि दोन स्लबमधलं अंतर. एक्सेलमध्ये रँडबिटवीन वापरून लांबी ३ ते ६ सेंटिमीटर, अंतर ८ ते २५ असं काहीतरी द्या. जाडीत फसगत होते. गिरणीत जाडी वजनाने बोलतात, दुप्पट स्लब म्हणजे त्या जागी दुप्पट वजन, आणि व्यास तेव्हा दुप्पट होत नाही, १.४ पट होतो. स्क्रीनवर रुंदी दुप्पट काढलीत तर तो चौपट वजनाचा स्लब झाला. शिवाय पीळ बारीक जागी धावतो, स्लबवर कमी उरतो, म्हणून स्लब मऊ आणि फुगीर असतो. तिथे पिळाच्या रेषा विरळ आणि कमी तिरक्या काढायला सांगा.

आता याच शीटमधून कापड. एक चौकोन म्हणजे एक सेंटिमीटर धागा, स्लबच्या जागी १, बाकी ०, अशी दोन-चार हजार चौकोनांची एक लांब यादी करा. दुसऱ्या शीटवर १५० रकाने, म्हणजे दीड मीटर पन्हा. इंडेक्स सूत्राने यादी तोडून ओळीखाली ओळ भरा, प्रत्येक ओळ एक बाणा, म्हणजे कापडातला आडवा धागा, आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने १ ला काळा रंग. रकाने बारीक करून झूम कमी केलं की समोर कापड उभं राहतं. मग रँडम काढून ठरावीक रिपीट टाका, बरोबर ७५ सेंटिमीटरचा, आणि बघा, सगळे स्लब एकाखाली एक येऊन उभे पट्टे पडतात. रिपीट ७४ केला की पट्टे तिरके सरकतात. हा दोष गिरणीत हजारो मीटर कापड निघाल्यावर कळला तर काय होत असेल, ते सांगायची गरज पडत नाही.

एक बारकावा राहिला. रेपियर किंवा एअरजेट या बिनधोट्याच्या मागांवर प्रत्येक बाणा एकाच बाजूने जातो, पण धोट्याच्या मागावर धोटा जातो आणि परत येतो, त्यामुळे एक सोडून एक ओळ उलटी भरावी लागते. भिवंडीत धोट्याचे पॉवरलूम अजून चालतात, तेव्हा दोन्ही शीट करून घ्या. तोच धागा, पण पट्ट्यांची नक्षी पूर्ण बदलते.

शेवटी महागडं सॉफ्टवेअर

आता कुठे त्या दोन-तीन लायसन्सवाल्या मशीनवर पोरांना बसवा, दोघादोघांच्या जोड्या, अर्धा-अर्धा तास. धाग्याच्या खिडकीत जाडी, पदर, पीळ, दिशा, लव, स्लब असले रकाने समोर येतात आणि पोरं तुम्हाला न विचारता शीटमधून आकडे भरायला लागतात. कापडाला साधी वीण आणि ओळखीचं माप द्या, म्हणजे दोन्हीकडे ४० चं सूत आणि इंचाला ९२ बाय ८८, म्हणजे उभे ९२ आणि आडवे ८८ धागे, हे कॅम्ब्रिक. बाजारातून आणलेला कॅम्ब्रिकचा तुकडा भिंगाखाली ठेवून स्क्रीनशी ताडून बघा. माटुंग्याला सिरकॉट आहे, १९२४ पासून कापसाची तपासणी करणारी संस्था, कॉलेजचं पत्र देऊन आधी परवानगी काढून तिथे एखादी भेट जमवता आली तर याच टप्प्यावर जमवा, आधी नेलं तर पोरं नुसते फोटो काढतात.

मार्कांचं म्हणाल तर मी शीटला निम्मे ठेवतो, कोन आणि दिशा बरोबर असेल त्याला पाव, आणि उरलेले रेंडरला. सबमिशनला ब्लेंडर फाइल, शीट आणि खऱ्या धाग्याचा वीतभर तुकडा कार्डावर चिकटवून, तिन्ही एकत्र घ्या. फाइलच्या नावात काउंट, पदर आणि दिशा लिहायला लावा, नाहीतर सगळ्यांच्या फाइलचं नाव 'यार्न फायनल' असतं आणि तपासताना तुम्हीच वैतागता.